दमानं घ्या!

गेल्या रविवारी सिंहगड चढलो. 'चढलो' हे क्रियापद मी जरा सढळ हाताने वापरतोय. आतकरवाडीकडून वाट सुरू होते आणि पहिल्या वीस मिनिटांतच माझ्या छातीत लोहाराचा भाता सुरू झाला. एका दगडावर बसून मी निसर्गसौंदर्य वगैरे बघतोय असं दाखवत होतो, तेवढ्यात डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी घेतलेल्या एक आजी शेजारून गेल्या. न थांबता म्हणाल्या, "दमानं घ्या साहेब, गड कुठं पळून चाललाय?"

वर पोचलो, पिठलं-भाकरी खाल्ली, ताक प्यायलो, उतरलो. सोमवारी ठीक होतो. ऑफिसात दोघा-तिघांना ऐकवूनही झालं. आणि मंगळवारी सकाळी पलंगावरून उठताना मांड्यांनी असहकार पुकारला. बिल्डिंगचा जिना कठड्याला धरून, एक-एक पायरी, आडवा होऊन उतरलो. आमचं कन्यारत्न म्हणालं, "बाबा, तू खेकड्यासारखा चालतोयस." असो.

मला मात्र 'दमानं घ्या' हे शब्द सोडेनात. आमच्या घरात ते तेरा वर्षं रोज बोलले जायचे. त्याबद्दल लिहायचंय, पण आधी त्या दमाबद्दल.

दम लागतो म्हणजे नक्की काय होतं? माझी समजूत अशी होती, की फुप्फुसं कमी पडतात, प्राणवायू पुरत नाही, म्हणून आपण धापा टाकतो. ही समजूत बरीचशी चूक निघाली. निरोगी माणूस अगदी जीव तोडून पळाला, तरी त्याच्या रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण सहसा फारसं हलत नाही. स्वस्थ बसलेलो असताना आपण मिनिटाला बारा-पंधरा श्वास घेतो, प्रत्येक श्वासाला अर्धा लिटर हवा. म्हणजे मिनिटाला सहा ते आठ लिटर. तोच माणूस जोरात पळताना मिनिटाला शंभर लिटरपर्यंत हवा आत-बाहेर करू शकतो. फुप्फुसांकडे शिल्लक भरपूर असते. आपल्याला धापा टाकायला लावतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. स्नायू काम करायला लागले की तो तयार होतो, आणि रक्तात साठू नये म्हणून मेंदू श्वास वाढवत नेतो. चुलीचा धूर घराबाहेर काढण्याची घाई म्हणा ना.

मग अडतं कुठे? तर हृदयापाशी. विश्रांतीत हृदय मिनिटाला सत्तरच्या आसपास ठोके टाकतं आणि दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. गुणाकार केला तर मिनिटाला पाच लिटर, म्हणजे अंगातलं जवळजवळ सगळं रक्त दर मिनिटाला एक फेरी मारून येतं. चढ लागला की हाच आकडा तिप्पट-चौपट होतो. गंमत म्हणजे ठोके वाढायला पाऊल उचलायचीही वाट बघावी लागत नाही. गडाकडे मान वर करून 'बापरे' म्हटलं तेव्हाच माझे वाढले असणार.

पण नुसतं जास्त रक्त ढकलून भागत नाही, ते कुठे पाठवायचं हेही ठरवावं लागतं. आमच्या चाळीच्या गल्लीत महानगरपालिकेचा चावीवाला यायचा. तो रस्त्यातलं झाकण उघडून लांबलचक चावी फिरवायचा आणि एका भागाचं पाणी बंद करून दुसऱ्या भागाला सोडायचा. शरीरातही अगदी तसंच चालतं. स्वस्थ बसलेलो असताना सगळ्या स्नायूंच्या वाट्याला मिळून एक-पंचमांश रक्तही येत नाही. जोराच्या व्यायामात पाचातले चार भाग तिकडे वळतात. आतडी आणि मूत्रपिंडं यांचं पाणी तोडलं जातं, मेंदूचं मात्र तोडत नाहीत. भरल्या पोटी धावलं की पोटात कळ का येते, याचा एक धागा इथे आहे. एकाच वेळी दोन पेठांना पुरेल एवढं पाणी नसतं.

(आपली शतपावली मात्र यात सापडत नाही. ती इतकी संथ असते की पोटाशी भांडण होत नाही. उलट चालणारे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर उचलायला लागतात, त्यामुळे जेवणानंतरची साखर कमी चढते. आजीला यातलं काही माहीत नव्हतं, तरी ती शंभर पावलं मोजून घ्यायची.)

आता मांड्यांकडे. मराठीत आपण म्हणतो 'अंग आंबलं'. मला हा शब्दप्रयोग फार आवडतो, कारण शाळेपासून ऐकलेल्या लॅक्टिक ॲसिडच्या गोष्टीत तो चपखल बसतो. आम्ल साठलं, अंग आंबलं! पण तीही गोष्ट खरी नाही. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट तास-दोन तासांत निघून जातं. हृदयाचा स्नायू तर ते चक्क इंधन म्हणून जाळतो. रविवारचं लॅक्टेट मंगळवारपर्यंत माझ्या मांडीत मुक्काम करून राहिलेलं नव्हतं.

खरा गुन्हेगार उतार. चढताना मांडीचा स्नायू आखडत वजन उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो. सवय नसेल तर या ताणात त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते, मग सूज येते, दुरुस्ती सुरू होते आणि एक-दोन दिवसांनी दुखायला लागतं. चढताना दम निघतो तो हृदयाचा, आणि उतरताना वसुली होते ती मांड्यांकडून. यातली दिलासा देणारी गोष्ट अशी, की हीच वाट दोन-तीन आठवड्यांत पुन्हा उतरलो तर दुखणं बरंच कमी असतं. स्नायू एकदा खाल्लेला मार लक्षात ठेवतो.

आता बाबा.

१९८६ मध्ये बाबांना हार्ट ॲटॅक आला. ते एक्कावन्न वर्षांचे होते, मी बारा. गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. तोपर्यंत बाबा म्हणजे रेशनची साखर-तांदूळ, गणपतीची मूर्ती, दिवाळीतले फराळाचे डबे, शेजारच्या आजारी काकू, काहीही उचलून तीन जिने चढणारा माणूस. दवाखान्यातून आले ते खुर्चीतून. चाळीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीसकट वर आणलं.

त्यानंतर आमच्या घरात एक नवं राज्य सुरू झालं. बाबांनी वाकायचं नाही. बाबांनी बादली उचलायची नाही. बाबांनी पटपट बोलायचंसुद्धा नाही. पहिले दोन महिने तर त्यांना खिडकीपर्यंतही सोडलं नाही आम्ही. पुढे ते कामावर जायला लागले, तेव्हा चाळकऱ्यांनी प्रेमाने प्रत्येक मजल्यावर एकेक स्टूल ठेवलं. बाबा एक जिना चढायचे, बसायचे. येणारा-जाणारा म्हणायचा, "दमानं घ्या हो." आई वरून ओरडायची, "अहो, दमानं!" मीही म्हणायचो. बारा वर्षांचा पोरगा बापाला सांगायचा, बाबा, दमानं. पिशवी त्यांच्या हातात दिसली तर धावत जाऊन काढून घ्यायचो. फार जबाबदार झाल्यासारखं वाटायचं.

बाबा आणखी तेरा वर्षं जगले. त्यातली शेवटची बरीचशी आरामखुर्चीत. पाय काठीसारखे झाले होते. नव्वदच्या दशकात आम्ही पुण्याला आलो तेव्हा त्यांना पर्वतीवर जायची फार इच्छा होती. जेमतेम १०३ पायऱ्या, त्याही ऐसपैस. पण जाऊ दिलं नाही. १९९९ मध्ये ते गेले.

गेल्या दिवाळीनंतर आईची अँजिओप्लास्टी झाली. तिच्या कागदपत्रांच्या शोधात माळ्यावरची जुनी ट्रंक काढली, तर बाबांची फाइल सापडली. डिस्चार्जचा कागद पिवळा पडलेला. औषधांची नावं, मीठ कमी, सिगारेट बंद, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं, की चालणं रोज थोडं थोडं वाढवत न्यावं.

मी तिथेच माळ्याच्या शिडीवर बसून राहिलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही वाचलंच नव्हतं. किंवा वाचलं असेल, पण 'जपा' एवढंच ऐकू आलं असेल.

मग मी वाचत सुटलो. त्यात एक प्रयोग सापडला तो मनातून जात नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला वीस वर्षांच्या पाच धडधाकट मुलांना तीन आठवडे सक्तीने अंथरुणात झोपवून ठेवलं. उठले तेव्हा शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटली होती. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तेच पाच जण पुन्हा तपासले. आता पन्नाशीचे, वजन वाढलेले. तर तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी क्षमता खाल्ली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या पलंगाने खाल्ली होती! पुढे सहा महिने त्यांना हळूहळू वाढवत चालणं, पळणं, सायकल असा व्यायाम दिला, तेव्हा सरासरीने ते तरुणपणीच्या मूळ पातळीला परत आले.

तीन आठवडे. आम्ही दोन महिने खिडकीपर्यंत सोडलं नव्हतं.

दुसरा अभ्यास लंडनच्या बसचा. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये तो प्रसिद्ध केला. डबलडेकरचा ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला आणि आलाच तर जरा उशिरा, कमी तीव्रतेचा. वाचताना मला आमच्या बेस्टच्या लाल डबलडेकरचा कंडक्टर आठवला. एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने तिकिटाच्या पंचची टिकटिक, आणि गाडी वळत असताना वळणदार जिन्यावर बिनघोर. (त्या जुन्या गाड्या २०२३ मध्ये कायमच्या थांबल्या.) मॉरिस यांचा प्रामाणिकपणा असा, की पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गणवेशाच्या मापांच्या नोंदीही तपासल्या. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला आधीपासूनच मोठ्या निघाल्या. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं, आणि हे त्यांनी स्वतःच सांगितलं. पण नंतरच्या कितीतरी अभ्यासांनी मूळ मुद्दा उचलूनच धरला. हे गृहस्थ स्वतः नव्व्याण्णव वर्षं जगले.

आमच्या घरात कंडक्टर होती आई. बाबांच्या हातातली प्रत्येक पिशवी तिच्या हातात गेली. दळणाचा डबा कडेवर घेऊन ती तीन जिने चढायची, तेरा वर्षं. आज ती ब्याऐंशीची आहे. एका घराचं उदाहरण म्हणजे काही पुरावा नव्हे, हे मला कळतं. बाबांची सिगारेट होती, बाबांचे वडीलही हृदयविकारानेच गेले होते. तरी पण.

डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून एक गोष्ट समजावली. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण स्वतःच्या पोटापाण्याचं रक्त त्याला मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं. बाकीचे स्नायू विश्रांतीत आलेल्या प्राणवायूतला थोडाच घेतात, जास्त लागला तर आणखी काढून घेतात. हृदय मात्र स्वस्थ असतानाच आलेल्यातला बहुतेक सगळा काढून घेत असतं. त्यामुळे काम वाढलं की त्याला एकच मार्ग उरतो, जास्त रक्त मिळवणं. रक्तवाहिनी चिंचोळी असेल तर तेच जमत नाही आणि चढावर छाती भरून येते. हे दुखणं 'दम लागलाय' म्हणून अंगावर काढायचं नाही, तडक डॉक्टर गाठायचा. हेही तितकंच खरं, की एरवी बसून असणाऱ्याने एके दिवशी अचानक जोर काढला तर धोका वाढतो. (माझा सिंहगड! मी आधी तपासण्या करून घेतल्या होत्या. बायकोने करायला लावल्या होत्या.)

पण रोज थोडं थोडं चालणाऱ्याचं गणित बदलतं. काही दिवसांतच रक्ताचं पाणी वाढतं. काही आठवड्यांत हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, म्हणून तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. ठोके कमी म्हणजे मधला विसावा लांब, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या घासाला जास्त वेळ. स्नायूंत नव्या केशवाहिन्या फुटतात आणि प्राणवायू वापरणाऱ्या पेशींमधल्या भट्ट्या वाढतात. फुप्फुसं जवळजवळ आहेत तशीच राहतात, तरी दम कमी लागतो. हृदयाला जपायचं म्हणजे त्याला कामच द्यायचं नाही, असं आम्ही समजत होतो. आम्ही नेमकं उलटं करत होतो.

आईला चालवायला घरी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. पंचविशीची असेल, पण आवाज हेडमास्तरणीचा. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "अगं, ह्या वयात काय आता ताकद येणार?" त्यावर तिने एक अभ्यास ऐकवला. मी नंतर तो शोधून वाचला. १९९० चा, बॉस्टनमधला. वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या १० जणांना पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला. आठ आठवडे टिकले त्यांच्या पायांची ताकद सरासरीने पावणेतीनपट झाली. आई म्हणाली, "म्हणजे मी तिथे लहानच की."

पहिल्या आठवड्यात पलंग ते दार. मग जिना, एक मजला. मग सोसायटीला एक फेरी, मग दोन. नियम एकच होता. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. गाता येत असेल तर वेग कमी आहे, बोलता येत नसेल तर जास्त. आई स्तोत्र पुटपुटत चालायची आणि मी शेजारून कान देऊन असायचो, की शब्द तुटतोय का. चार पावलांवर तिने कठडा धरला की माझ्याच छातीत धडधड व्हायची. किती वेळा 'आई, दमानं' ओठांवर आलं आणि गिळलं.

परवा ती म्हणाली, मंडईत जाऊ. गेलो. तिने मेथी घेतली, बटाटे घेतले, तिच्या मते महाग असलेली फरसबीही घेतली. बिल्डिंगशी आलो तर लिफ्ट चालू होती, पण ही बाई जिन्याकडे वळली. पिशवी तिच्याच हातात. दोन-अडीच किलो सहज असेल. माझा हात आपोआप पुढे गेला, चाळीतल्या त्या बारा वर्षांच्या पोराचा हात. मध्येच थांबवला आणि खिशात घातला.

आई पहिला जिना चढून चौकात थांबली. श्वास फुललेला होता, पण बोलत होती. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाली, "ह्यांना एकदा पर्वतीला न्यायला हवं होतं रे."

मी काही बोललो नाही. मंगळवारच्या मांड्या अजून पूर्ण सुटलेल्या नव्हत्या, कठडा धरून मी दोन पायऱ्या मागे होतो.

"दमानं घे," ती वरून म्हणाली, आणि पुढचा जिना चढायला लागली.